अकराव्या मजल्यावरचा विसावा

वाघजाई हाइट्स ही गिरणगावातली बावीस मजल्यांची इमारत. ती उभी राहिली तेव्हा आसपासच्या वस्तीतले लोक रस्त्यावर थांबून मान वर करून तिच्याकडे पाहत, असे सांगतात. आता तिच्या तिन्ही बाजूंना चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे आहेत आणि त्यांच्या मध्ये ती ठेंगणी दिसते. तिच्या अकराव्या मजल्यावर, जिना आणि लिफ्ट यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, भिंतीलगत एक काळा दगड आहे. गुडघ्याएवढा उंच, वरून सपाट, एका कडेला झिजलेला. त्याला शेंदूर नाही, त्यावर फूल नाही. चपलांची मांडणी ठेवायला मजल्यावर याहून चांगली जागा नाही, तरी तिथे कोणी काही ठेवत नाही. दगडाच्या वर भिंतीत एक खिळा आहे आणि खिळ्याला जाड सुती दोरीची गुंडाळी टांगलेली आहे.

या इमारतीची एक रीतही आहे. नव्याने राहायला येणाऱ्याने पहिल्या दिवशी एकदा तरी बाविसाव्या मजल्यापासून खालपर्यंत जिन्याने उतरायचे. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी पाणी घेऊन दारात येते. घोटभर प्यायचे, आपले नाव सांगायचे, पुढे जायचे. सोसायटीच्या नियमांच्या पुस्तकात हे नाही. तरी घर दाखवणारा एजंट भाडे सांगण्याआधी हे सांगतो. मला त्याने बजावले, "मॅडम, घोट घोटच प्या हं. एका सरांनी सगळीकडे ग्लासभर घेतलं, सातव्या मजल्यावर बाथरूम मागायची वेळ आली."

चौदाव्या मजल्यावरचे एका खोलीचे घर पाहायला मी गेले होते. त्याच दिवशी एक नवे जोडपेही घर बघायला आले होते. किल्ली यायला उशीर होता, म्हणून एजंटाने आम्हा तिघांना अकराव्या मजल्यावरच्या नाचणेकर नानांकडे बसवले. नाना सोसायटीचे जुने सभासद, वय ऐंशीच्या पुढे. जोडप्यातल्या तरुणाने दारातूनच दगडाकडे बोट दाखवून विचारले, "काका, हा देव कुठला?"

"देव नाही तो," नाना म्हणाले. "बसा. किल्लीवाला काही इतक्यात येत नाही. मी ऐकलेलं सांगतो, पाहिलेलं नाही. मी इथे आलो त्याच्या आधी आठ वर्षं हे घडलं."

नानांनी सांगितले ते असे.

या जागी पूर्वी वाघजाई चाळ होती. तीन मजले, मजल्यावर चोवीस खोल्या. चाळीत भिकाजी पाटणकर नावाचे गृहस्थ राहत. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. अंगाने किरकोळ, बोलायला कमी. पण चाळीत कोणी गेले की पहिली हाक त्यांना पडे, कारण तिरडी बांधावी तर त्यांनीच. बांबू किती लांब घ्यायचा, सुतळीची गाठ कुठे पडली म्हणजे वाटेत सुटत नाही, वळणावर कोणी हात उंच करायचा, हे सगळे ते जाणत. त्यांच्याजवळ गिरणीतल्या सुताची पिळलेली एक दोरी असे. तिला दोन गाठी. पहिल्या गाठीपर्यंत तिरडीची रुंदी, दुसरीपर्यंत लांबी. लांबी साडेसहा फूट. चाळीतल्या चाळीस वर्षांत त्यांनी किती माणसे पोचवली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. चाळीच्या तोंडाशी एक काळा दगड होता. तिथे तिरडी क्षणभर टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि मग पुढे निघायचे. त्याला विसावा म्हणत.

चाळ पाडून टॉवर बांधायचे ठरले तेव्हा बिल्डरचा माणूस मोठा नकाशा घेऊन आला. अंगणात सभा भरली. लोक आपापली मापे घेऊन आले होते. कोणी विचारले, आमचे लोखंडी कपाट लिफ्टमधून जाईल का? कोणी पलंगाचे विचारले, कोणी शिलाई मशीनचे. मंडळाच्या पोरांनी गणपतीची उंची सांगितली आणि मूर्ती आत मावेल एवढे दार त्यांनी नकाशात वाढवून घेतले. सगळ्यात शेवटी भिकाजी उठले. खिशातून दोरी काढून नकाशावर धरली आणि म्हणाले, "लिफ्ट आतून किती खोल आहे?"

दोरी सगळ्यांच्या ओळखीची होती. मग बायका ओरडल्या. चाळीचे सेक्रेटरी वामन तेंडोलकर उठून म्हणाले, "पाटणकर, अहो अजून घरात पाऊल पडलं नाही आपलं. निदान कलश तरी आत जाऊ द्या!"

"कलश जाईलच," भिकाजी म्हणाले. "मी बाहेर यायचं विचारतोय."

"खाली बसा हो!" मागून कोणीतरी ओरडले.

भिकाजी खाली बसले. दोरी खिशात गेली. लिफ्ट झाली ती आतून चार फुटांची.

"त्यांच्यावर राग नका धरू," नाना म्हणाले. "शंभर चौरस फुटांत आठ माणसं राहिलेली. प्रत्येकाला वाटत होतं, आता आपण वर जाणार. वरून परत खाली यायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं."

घरे सोडतीने मिळाली. चाळीत भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी बावीस मजल्यांवर विखुरले गेले. भिकाजी आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांना बाविसावा मजला आला. तेंडोलकरांना एकोणिसावा. मधली कितीतरी घरे वर्षभरात विकली गेली, भाड्याने गेली आणि कोण कुठला हे कोणालाच कळेना. दारांना बाहेरून जाळीची दारे बसली. समोरासमोरच्या घरांतली माणसे लिफ्टच्या आरशात एकमेकांना पाहत, असे सांगतात.

चाळ पडली त्या दिवशी भिकाजींनी दोन मजूर लावून विसाव्याचा दगड काढून घेतला होता. टॉवरमध्ये राहायला आल्यावर त्यांनी तो अकराव्या मजल्यावर आणून ठेवला. अकराव्यावरच का, असे विचारले तेव्हा म्हणाले, "बाविसाचं निम्मं किती?" दगड लिफ्टमधून वर गेला. आरामात मावला.

सोसायटीने नोटीस काढली, की जिन्याजवळील दगड सात दिवसांत हटवावा. खाली सही तेंडोलकरांची. भिकाजींनी नोटीस घडी करून खिशात ठेवली. अशा तीन नोटिसा झाल्या. मग लोकांनी दगडावर दुधाच्या पिशव्या ठेवायला सुरुवात केली आणि विषय मागे पडला.

टॉवरमधला पहिला मृत्यू तेंडोलकरांच्या आईचा. म्हातारी अंगाने चिमुकली होती. जिन्याने एकोणीस मजले कोण नेणार, म्हणून तिला खुर्चीत बसवून, साडीने खुर्चीला बांधून लिफ्टमधून न्यायचे ठरले. मान पडू नये म्हणून शेजारी कोणीतरी उभे राहायला हवे होते. भिकाजी उभे राहिले. म्हातारीचे डोके त्यांनी आपल्या पोटाशी धरले. नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आत यायला निघाली, खुर्चीकडे बघून थबकली आणि म्हणाली, "आजींना बरं नाही का?"

भिकाजी म्हणाले, "हो. जरा झोप लागलीय त्यांना."

बाई बाजूला झाली. दार बंद झाले.

नवे जोडपे एकमेकांकडे पाहत होते. आमच्याकडेही न्यायला खुर्चीच होती.

त्या दिवसानंतर भिकाजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी द्वारकाबाईंना समोर बसवले आणि म्हटले, "माझ्याबाबतीत एवढंच कर. मला उभा करून किंवा बसवून नेऊ नका. मी आडवाच जाईन, आणि खांद्यावरून जाईन. शब्द दे."

द्वारकाबाई म्हणाल्या, "बावीस मजले? खांदे कुठून आणू?"

"ते मी बघतो," भिकाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ते दोरी घेऊन जिन्याने खाली उतरले. प्रत्येक वळणावर दोरी धरून माप घेतले. जिना पुरेसा रुंद निघाला. वळणावर पायाकडच्या दोघांनी कठड्याच्या वर हात उंच केले की तिरडी फिरत होती. अडचण फक्त माणसांची होती. चार माणसांना दोन मजल्यांपलीकडे ते ओझे झेपणार नव्हते, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. मग त्यांनी एक रिवाज धरला. रोज दुपारी तीनला जिन्याने उतरायचे आणि वाटेत मजल्यामजल्यावर एखाद्या दारी घोटभर पाणी मागायचे.

सुरुवातीला जाळीचे दार उघडतच नसे. आतूनच विचारत, "काका, लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे की. पाणी द्याल का थोडं?"

वयस्कर माणूस, धापा टाकतोय, नाही कसे म्हणणार? आधी जाळीतून पेला आला. मग दार उघडले. पुढे स्टूल आले. पाणी पिऊन झाल्यावर भिकाजी नाव विचारत आणि एवढेच पुढे विचारत, "वरच्या मजल्यावर कोण राहतं, माहीत आहे का?" बहुतेकांना माहीत नसे. मग ते सांगत. हातातल्या दोरीबद्दल कोणी विचारले, तर म्हणत, "एक कपाट खाली न्यायचंय. त्याचं माप आहे."

"मग केव्हा नेणार?"

"तारीख ठरली नाही अजून."

दुपारी तीनला घरी कोण असते? नोकरीवाले पुरुष कामावर गेलेले. घरी बायका, निवृत्त म्हातारे आणि सोळाव्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या तीन नर्सा. भिकाजींची ओळख झाली ती यांच्याशी. दोन वर्षे हे चालले. पुढेपुढे तीन वाजता जिन्यात चपलांचा आवाज आला की बायका न विचारता पेला भरून दारात येत. पंधराव्या मजल्याचे तेवढे दार कधी उघडले नाही असे म्हणतात. पंधराव्या मजल्याचे लोक मात्र हे मानत नाहीत. त्यांचे म्हणणे, त्या वर्षी त्यांचा मजला अजून रिकामाच होता.

आणि मग एका बुधवारी सकाळी भिकाजी पाटणकर गेले. अंघोळ करून पाटावर बसले आणि तिथेच गेले.

मूलबाळ नव्हते. डोंबिवलीहून पुतण्या आला, त्याचा एक मित्र आला. तेंडोलकर वर आले. वॉचमन आला. असे चार जण झाले. तिरडी कोणाला नीट बांधता येईना, कारण बांधणाराच तिच्यावर होता. शेवटी द्वारकाबाईंनी चाळीस वर्षे पाहिल्या होत्या तशा गाठी स्वतः घालून दाखवल्या.

तेंडोलकर म्हणाले, "वहिनी, हट्ट नको. बुधवारची दुपार आहे, पुरुष माणूस एक नाही इमारतीत. लिफ्टनं नेऊ. माझ्या आईला नेलंच की आपण."

द्वारकाबाई म्हणाल्या, "म्हणूनच."

तेंडोलकर पुढे झाले. खाली वाकले आणि पुढचा डावा खांदा त्यांनी घेतला.

निघायला तीन वाजले. कोणी म्हणतात शववाहिनी उशिरा आली, कोणी म्हणतात द्वारकाबाईंनीच वेळ काढली. एकविसाव्या मजल्यावर चौघांना घाम फुटला. विसाव्या मजल्याच्या वळणावर तेंडोलकरांचा पाय लटपटला आणि तिरडी एका बाजूला कलली. पुतण्या म्हणाला, "काकी, नाही जमणार." द्वारकाबाई मागे कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही, खालीही पाहिले नाही. आपण दिलेला शब्द दोन मजल्यांत संपला, असे त्यांना वाटले असावे.

तेवढ्यात विसाव्या मजल्यावरचे दार उघडले. तिथल्या रेळेबाई पापड लाटत होत्या. तीन वाजता जिन्यात पावले वाजली, म्हणून रोजच्यासारख्या पेला भरून बाहेर आल्या. समोर पाहिले. हातातला पेला तसाच धरून त्या म्हणाल्या, "हेच होय ते कपाट."

मग पेला त्यांनी पुतण्याच्या हातात दिला. "तुम्ही प्या. मी हात धुऊन येते." हात धुऊन, पदर खोचून, जावेला बरोबर घेऊन त्या आल्या.

वॉचमन चाचरला. "बाईमाणसानं खांदा द्यायचा म्हणजे..."

द्वारकाबाई म्हणाल्या, "दोन वर्षं पाणी यांनीच दिलंय त्यांना. देऊ देत."

एकोणिसाव्यावर दार उघडले, अठराव्यावर उघडले, सतराव्यावर उघडले. प्रत्येक दारात एक बाई किंवा एक म्हातारा, हातात पाण्याचा पेला. पाणी थकलेल्यांनी प्यावे आणि दारातल्याने खांद्याखाली जावे, असे आपोआप होत गेले. कोणी कोणाला सांगितले नाही. सोळाव्यावर नर्सा झोपेतून उठून आल्या, केस मोकळे, डोळे लाल. त्यांतली लिसी नावाची पुढे झाली. "अंकल ना? द्या इकडे. आम्ही रोज माणसंच उचलतो." त्या तिघींना वळणाचे काही सांगावे लागले नाही. पंधराव्याचे दार बंद होते, म्हणून सोळाव्या मजल्याने दोन मजले नेले.

अकराव्यावर आले तेव्हा जिन्यात पन्नासेक माणसे होती. ज्यांनी खांदा दिला होता ती घरी परत गेली नव्हती, मागोमाग उतरत होती. समोर दगड होता. कोणीतरी त्यावरच्या दुधाच्या पिशव्या उचलल्या. तिरडी टेकवली. त्या दगडावर तिरडी टेकवण्याची कित्येक वर्षांतली ती पहिलीच वेळ. लोकांनी जागा बदलल्या. तेंडोलकर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी दगडाला हात लावला, असे सांगतात.

तिथून पुढे तिरडी हलकी झाली, असे सगळे म्हणतात. आणखी एक गोष्ट सांगतात. दोन्ही लिफ्ट त्या वेळी अकराव्या मजल्यावर येऊन थांबल्या, दारे उघडी राहिली, आणि तिरडी तळमजल्यावर पोचेपर्यंत मिटली नाहीत.

"खरंच?" नव्या जोडप्यातल्या मुलीने विचारले.

"लिफ्ट तेव्हा दर दोन दिवसांनी बंद पडायची," नाना म्हणाले. "आणि पन्नास खांदे असले की ओझं हलकंच होणार. पण लोक म्हणतात ते मी सांगितलं."

तेराव्या दिवशी तेंडोलकर बाविसाव्या मजल्यावर गेले आणि द्वारकाबाईंकडे त्यांनी दोरी मागितली. दगडाच्या वर खिळा त्यांनी स्वतः ठोकला. पुढे महिन्याभरात पलीकडची बैठी चाळ पाडायची ठरली. तिथेही अंगणात सभा भरली, नकाशा आला. तेंडोलकरांचा त्या चाळीशी काही संबंध नव्हता. तरी ते गेले, मागच्या रांगेत बसले आणि सगळ्यांची कपाटे, पलंग, गणपती विचारून झाल्यावर उठले. खिशातून दोरी काढून त्यांनी नकाशावर धरली.

"खाली बसा" म्हणणारे तिथेही होते. "माझ्या आईला खुर्चीत बांधून नेलं मी," तेंडोलकर म्हणाले, आणि उभेच राहिले. त्या इमारतीची एक लिफ्ट सात फूट खोल झाली.

एवढ्यात किल्ली आली. आम्ही घरे पाहिली. जोडप्याने नंतर कळवतो म्हटले. मी चौदावा मजला घेतला.

आठ दिवसांनी, राहायला आले त्या दुपारी, मी बाविसाव्या मजल्यापासून जिना उतरले. द्वारकाबाई आता नाहीत. त्यांच्या घरात राहणाऱ्या बाईंनी पहिले पाणी दिले. मी नाव सांगितले. त्यांनी विचारले, "एकट्याच?" मी हो म्हटले. त्यांनी पेला पुन्हा भरून दिला. विसाव्या मजल्यावर रेळेबाईंची सून होती. पंधराव्या मजल्यावर दोन पेले घेऊन दोन जणी दारात उभ्या होत्या. तो मजला नेहमी दोन पेले देतो. अकराव्यावर आले तेव्हा नाना दारातच होते. दगडापाशी मी थोडी थांबले. खिळ्यावर दोरी नव्हती.

"गेलीय," नाना म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येईल परत."

आजही वाघजाई हाइट्समध्ये कोणी गेले, तर लिफ्ट कोणी वापरत नाही. वरच्या मजल्यावर जिन्यात पावले वाजली की खालची दारे उघडतात आणि घरात जो कोणी असेल, बाई असो की पुरुष, तो पाणी घेऊन बाहेर येतो. अकराव्या मजल्यावर तिरडी टेकवतात, खांदे बदलतात. एरवी दगड नुसता असतो आणि त्याच्या वर खिळ्याला दोरी असते. कधी दोरी जागेवर दिसली नाही, तर समजावे, की आसपास कुठल्यातरी अंगणात नव्या इमारतीचा नकाशा उलगडला आहे आणि मागच्या रांगेतून कोणीतरी उठले आहे.